आधी डेस्कटॉप, मग मोबाइल

'वापरणारे सगळे मोबाइलवर आहेत, मग डेस्कटॉपसाठी प्रोग्राम लिहायला शिकायचंच कशाला?' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. वापरणारे तिथे आहेत, हे मान्य. पण मोबाइल अ‍ॅप लिहिलं जातं ते बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच. आयफोनसाठी तर सहसा एक्सकोड हे अ‍ॅपलचं अ‍ॅप लिहिण्याचं साधन लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं.

खरा फरक प्रोग्रामच्या आयुष्यात आहे. डेस्कटॉपवर तुम्ही प्रोग्राम सुरू केला की बंद करेपर्यंत तो सहसा चालू राहतो. अँड्रॉइडवर तसं नाही. फोन नुसता आडवा केला तरी मूळ व्यवस्थेप्रमाणे अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा समोर दिसणारा पडदा) नष्ट होऊन नव्याने तयार होते आणि तिच्या व्हेरिएबलमधली, म्हणजे प्रोग्रामने तात्पुरती लक्षात ठेवलेली, माहिती गेली, असं समजा! मेमरी कमी पडली तर मागे गेलेलं अ‍ॅप सिस्टिम परस्पर बंद करते. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) म्हणजे काय, मेमरी कोण वाटतं, हे ज्याने डेस्कटॉपवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पाहिलंय, त्याला हे पटकन उमगतं. नाहीतर माणूस इंटरनेटवरून कोड उचलून चिकटवत बसतो. शिवाय अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आहे.

टिकाऊपणाचंही बघा. १९९० च्या दशकातले कित्येक ३२ बिट विंडोज प्रोग्राम आजही चालतात. प्ले स्टोअरवर मात्र ठरलेल्या मुदतीत नवी एपीआय पातळी (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय त्याचा क्रमांक) गाठावी लागते. नाहीतर नव्या फोनवाल्यांना अ‍ॅप दिसेनासं होतं.

म्हणून नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं: पहिले काही महिने लिनक्सवर छोटे प्रोग्राम लिहा, मग खुशाल कॉटलिन ही अँड्रॉइड अ‍ॅपची भाषा घ्या.