साग आणि ऐन चिरण्यासाठी कार्बाइडच्या दात्यांचेच पाते हवे का?

धागाकर्ता:
कोकणातल्या सॉ मिलमध्ये साग आणि ऐन ही लाकडे चिरताना साध्या पोलादी पात्याची धार फार लवकर जाते, म्हणून यापुढे सर्वत्र टंगस्टन कार्बाइडचे (पोलादाहून खूप कठीण पदार्थाचे) दाते असलेलीच पाती वापरावीत, असे माझे ठाम मत आहे. धार केवळ लाकडाच्या घनतेमुळे जात नाही. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, म्हणजे ऐनापेक्षा बरेच कमी. तरीही त्यातील सिलिकाचे (वाळूत असणाऱ्या कठीण खनिजाचे) प्रमाण १.४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि ती पोलादाला कानशीसारखी घासते. ही झीज कार्बाइड सोसते.

वखारीतला:
झीज सोसते हे मान्य. परंतु कार्बाइड ठिसूळ असते, ही बाब आपल्या मांडणीत आलेलीच नाही. बांधावरच्या झाडांना कुंपणासाठी ठोकलेले खिळे आणि तार कालांतराने खोडात गडप होतात, आणि बँडसॉचे (पट्ट्यासारखे सलग पाते फिरणाऱ्या करवतीचे) पाते त्यांवर आदळले की दात्यांची टोके उडतात. त्यांना पुन्हा धार लावण्यासाठी हिऱ्याचे चाक लागते आणि तशी सोय लहान गावात सहसा नसते. ओंडक्यांसाठी मी स्टेलाइटची टोके बसवलेले पाते सुचवेन. कोबाल्ट, क्रोमियम आणि टंगस्टन यांचा हा मिश्रधातू कार्बाइडहून मऊ असला, तरी अधिक चिवट असतो आणि तापल्यावरही आपला कठीणपणा राखतो.

धागाकर्ता:
चिरण्यापूर्वी ओंडक्यावरून धातुशोधक यंत्र फिरवले, तर हा आक्षेप उरत नाही.

फर्निचर-कारागीर:
माझा दोघांशीही मतभेद आहे, कारण वखारीतून फळी बाहेर पडल्यावरचा विचार आपण केलेला नाही. टेबल सॉवर (टेबलातून गोल पाते वर आलेल्या करवतीवर) कार्बाइडच योग्य आहे. मात्र १० इंची पात्याला ६० दाते असतील आणि त्यानेच ऐनाची जाड फळी रेषांच्या दिशेने उभी चिरली, तर दात्यांमध्ये भुसा मावत नाही, पाते तापते आणि लाकडावर काळे डाग उठतात. उभ्या कापासाठी २४ दाते पुरेत; ६० दाते आडव्या कापासाठी ठेवावेत. कठीण लाकूड फार सावकाश पुढे सारण्याची सवयही घातक आहे, कारण मग दाता कापण्याऐवजी नुसता घासत राहतो.

वखारीतला:
टेबल सॉबाबत आपले म्हणणे पटले. धातुशोधकाबाबत मात्र नाही: हाती धरायचे यंत्र ठरावीक खोलीपर्यंतच धातू ओळखते, आणि जुन्या खिळ्यावर लाकडाचे अनेक थर चढलेले असतात. जाड ओंडक्यासाठी स्टेलाइटच.