पॉटवर (आवाज-टोनच्या घुंडीखालच्या भागावर) १९६६ आहे, मग फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९६६ ची धरायची का?

पंचम: न्यू जर्सीत एक स्ट्रॅटोकास्टर विकायला आहे. मोठं हेडस्टॉक (गळ्याचं टोक), रोझवुडचा फिंगरबोर्ड, नेकप्लेटवर (गळा बॉडीला जोडणाऱ्या मागच्या पट्टीवर) ठळक 'एफ' आणि सहा आकडी नंबर. विकणारा १९६६ ची म्हणतो आणि पुरावा म्हणून पॉटचा फोटो देतो: १३७६६३३. लोगो मात्र काळा आहे आणि ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) पाठीवरही 'एफ' आहे. वर्ष कोणतं धरू? भाव बोलण्याआधी काय उघडून बघू?

खर्ज: १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ साल, ३३ वा आठवडा. यावरून एवढंच कळतं की गिटार त्याआधीची नाही. १९६६ चे सीटीएस पॉट फेंडरकडे ढिगाने पडून होते, ते १९६८-६९ च्या गिटारींतही निघतात. नेकप्लेटचा नंबरही ढोबळच, कारण प्लेटा क्रमाने लागत नसत. १९६६ च्या स्ट्रॅटवर काळ्या कडेचा सोनेरी लोगो आणि क्लूसन कंपनीचे ट्यूनर हवेत. काळा लोगो आणि एफ ट्यूनर म्हणजे १९६८ किंवा नंतर.

नेक (गळा) काढायला लावा, त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शिक्का असतो. '२२ फेब ६८ बी' असं काही दिसलं तर त्यातली २२ ही तारीख नव्हे, तो स्ट्रॅटचा मॉडेल कोड. बी म्हणजे नेकची रुंदी. इथे भलेभले फसतात.

तारसप्तक: नेक काढताना आधी तारा पूर्ण सैल करा, मग चारही स्क्रू काढा आणि नेक सरळ वर उचला. डावी-उजवीकडे हलवलीत तर पॉकेटच्या (नेक बसते त्या खाचेच्या) कडेचा रंग उडतो, आणि तो मूळ रंग असेल तर तिथेच पैसे गेले. परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात.

सोल्डर: भावाचं खरं गणित रंगावर आहे. पुन्हा रंगवलेल्या गिटारीला साधारण निम्मा भाव येतो. १९६८ च्या सुमारास बॉडीला आणि नेकला जाड पॉलिएस्टर आलं, पण हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूला नायट्रोच (काळाने पिवळं पडणारं जुनं लॅकर) राहिलं. त्यामुळे दर्शनी बाजू पिवळी आणि नेकची पाठ फिकट, हे चांगलं लक्षण. दोन्हीकडे एकच छटा दिसली तर शंका घ्या.

मग मल्टिमीटर लावा. प्रत्येक पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) साधारण साडेपाच ते सहा किलोओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली, आणि रीवाइंड केला, म्हणजे तार पुन्हा गुंडाळली, की भाव उतरतो. पॉटवरचं सोल्डर भिंगाने बघा. दुसऱ्यांदा तापवलेल्या सांध्याभोवती फ्लक्सचा ताजा डाग राहतो. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या) बदललेले असतील तर भाव फार कमी करू नका, वाजवणाऱ्याला ते लागतातच. ट्यूनरसाठी नवी भोकं पाडली असतील तर मात्र ठामपणे कमी करा.

पंचम: नेकचा फोटो आला. '२२ मार्च ६८ बी'. पुढची बाजू पिवळी, पाठ फिकट.

खर्ज: मग १९६८ चीच धरा आणि भावही १९६८ चाच बोला. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्समुळे मोठ्या हेडस्टॉकच्या या स्ट्रॅटना स्वतःची मागणी आहे, तिला १९६६ ची म्हणवून घ्यायची गरजच नाही. पैसे देण्याआधी पिकगार्डखालचे (पुढच्या प्लास्टिक पट्टीखालचे) फोटो मागवा, रंगाची कड तिथेच उघडी पडते.