देणगीच्या पैशातून कार्यकर्त्यांना पगार द्यावा का? ठाण्यातील एका अभ्यासिकेच्या निमित्ताने

धागाकर्ता, वागळे इस्टेट

वागळे इस्टेटच्या मागच्या एका वस्तीत आमची छोटी नोंदणीकृत संस्था बऱ्याच वर्षांपासून अभ्यासिका चालवते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेपुरता नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव येणार आहे की, अभ्यासिकेचे रोजचे काम पाहणाऱ्या ताईंना देणगीच्या रकमेतून दरमहा पगार द्यावा. आजवर त्यांना प्रवासखर्चापलीकडे काहीही मिळालेले नाही. सभासदांत सरळ दोन तट पडले आहेत. मी ठरावाच्या बाजूने आहे; ज्यांना माझी कारणे पटत नाहीत त्यांनी मोकळेपणाने विरोध करावा.

बाहेरून पाहणाऱ्याला अभ्यासिका म्हणजे संध्याकाळी मुलांना बसवून गृहपाठ करून घेणे एवढेच दिसते. प्रत्यक्षात ताईंचा दिवस दुपारी सुरू होतो. जे मूल दोन-तीन दिवस आले नाही त्याच्या घरी त्या जातात. आमच्या हजेरीपटाच्या समासात त्यांच्या पेन्सिलीने केलेल्या नोंदी आहेत: ‘आई कामावर, धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नाही’, ‘वडील नाक्यावर, काम नाही, गावी गेले’, ‘चष्मा फुटला’. या नोंदींवरून पुढचे काम ठरते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्डावरील नावातील चूक, या प्रत्येक कागदासाठी पालकांबरोबर रांगेत उभे राहणारे माणूस लागते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो आणि वस्तीतले घरमालक तो करून द्यायला सहसा तयार होत नाहीत. त्या घरमालकाच्या दारात चार वेळा जाऊन त्याला तयार करणे हे काम शनिवारी दोन तास येणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातून होत नाही.

आमचे स्वयंसेवक मनापासून येतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, जेव्हा दहावीच्या मुलांना सर्वांत जास्त मदत हवी असते, तेव्हा स्वयंसेवकांच्या घरीही परीक्षा असतात. वर्षअखेरीची कामे, लोकलचा गोंधळ, घरातले आजारपण यांतले काहीही आडवे आले की अभ्यासिकेचे दार उघडायला ताईच असतात. त्या स्वतः याच वस्तीत वाढल्या आणि मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाल्या. घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात त्यांना नोकरी देऊ केली आहे. त्यांनी ती घेतली तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नाही, कारण विश्वस्त मंडळातील आम्हा बहुतेकांना निवृत्तिवेतन आहे आणि त्यांच्या घरी दोन माणसांची रोजंदारी आहे. फुकट काम करणे ज्याला परवडते त्यालाच सेवा करता यावी, असा नियम आपण न लिहिता करून ठेवला आहे. तो बदलावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

नौपाड्यातील सभासद

धागाकर्त्यांच्या तळमळीचा आदर राखून मी ठरावाला विरोध करतो. ठाण्याला लोकांनी उभ्या केलेल्या संस्थांची जुनी परंपरा आहे. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले, ते कोणाच्या पगारासाठी नव्हे. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि २०२० च्या टाळेबंदीत गल्लीगल्लीतली माणसे आपणहून बाहेर पडली, शिधा बांधला, घरोघरी पोहोचवला. तेव्हा कोणी मोबदला विचारला नव्हता, आणि म्हणूनच लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आमच्यासारख्या संस्थेला देणग्या येतात त्या मुख्यतः जूनमध्ये, शाळा सुरू होताना, आणि दिवाळीच्या आसपास. बाकीचे महिने कोरडे जातात. पैसे कमी पडले तर वह्या दोनशे पानांऐवजी शंभर पानांच्या घेता येतात. पगार मात्र एकदा सुरू केल्यावर कमी करता येत नाही आणि थांबवता तर मुळीच येत नाही. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका निवृत्तिवेतनातून दरवर्षी ठरावीक रक्कम देतात आणि नंतर स्वतः येऊन मुलांच्या हातातल्या वह्या पाहून जातात. त्यांचा पैसा पगारात गेला, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? देणगीदाराने ज्यासाठी दिले त्यासाठीच खर्च झाले पाहिजे, यावर तरी दुमत नसावे.

महापे येथे नोकरी, सामाजिक दायित्व विभाग

कंपनीच्या बाजूने थोडे सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्या पुष्कळ आहेत. पण आमच्याकडे प्रस्ताव येतो तेव्हा पगाराचा रकाना मोठा दिसला की तो मागे ठेवला जातो. प्रशासकीय खर्चाला कायद्याने ५ टक्क्यांची मर्यादा आहे. तुम्ही पगार सुरू केलात तर उद्या कंपन्यांच्या दारात तुमची बाजू लंगडी पडेल. त्यापेक्षा ताईंसाठी संस्थेबाहेर दुसरी काही सोय करावी आणि संस्थेचा जमाखर्च स्वच्छ ठेवावा.

लेखापरीक्षक, ऐरोली

वरील प्रतिसादातील एक समज दुरुस्त करणे आवश्यक आहे, कारण हाच समज अनेक लहान संस्थांच्या मनात बसलेला मी पाहतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही, असे नियमांच्या व्याख्येतच म्हटले आहे. अभ्यासिकेत रोज मुलांसमोर असणाऱ्या व्यक्तीचा पगार हा अभ्यासिकेचाच खर्च आहे. कार्यालयाचे भाडे किंवा हिशेबनिसाचे शुल्क याच ओळीत तो टाकला तर चूक संस्थेची असते, कायद्याची नव्हे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात मात्र प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. ती थेट संस्थेलाच लागू होते, पण धागाकर्त्यांच्या संस्थेला परदेशी देणगी येत नसावी असे मी गृहीत धरतो.

नौपाड्यातील सभासदांचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. वह्यांसाठी म्हणून मागितलेली रक्कम वह्यांवरच खर्च झाली पाहिजे. त्यासाठी पावतीवरच उद्देश लिहावा आणि हिशेबात वेगळा निधी ठेवावा. विश्वस्त व्यवस्थेत हे नेहमीचे आहे. पगारासाठी देणगी मागायची असेल तर तसे स्पष्ट सांगून मागावी. रोख रक्कम टाळावी, कारण दोन हजारांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही. पगार विश्वस्तांपैकी कोणाला किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकाला द्यायचा असेल तर तो कामाच्या मानाने वाजवी आहे हे दाखवता आले पाहिजे, नाहीतर संस्थेची करसवलत धोक्यात येते. येथे ताई विश्वस्त नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना नियुक्तिपत्र द्यावे, पगार बँकेतून द्यावा, ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि दर वर्षी मार्चअखेरच्या हिशेबात ती रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवावी. लपवलेला खर्च संशय वाढवतो. दाखवलेल्या खर्चावर निदान चर्चा तरी होते.

एक भर घालतो. ग्रंथसंग्रहालयाचे उदाहरण पगाराविरुद्ध वापरता येत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याखाली शासकीय अनुदान मिळते आणि त्यातून सेवकांचे वेतनही दिले जाते. संस्था स्थापन करणारे निःस्वार्थी होते, पण रोज कपाट उघडणारा माणूस पगारी आहे, आणि त्यामुळे कोणाचा त्याग कमी ठरत नाही.

कळव्याहून

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी मुले तेथे शिकू लागली. असे काम रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षे फावल्या वेळात होईल का, एवढाच प्रश्न विरोधकांनी स्वतःला विचारावा.

तुर्भे स्टोअर्स, अंगणवाडीजवळ

मी वस्तीत असेच काम केले आहे आणि पगार घेऊन केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पगाराला माझा विरोध नाही, पण पगार कोणाच्या पैशातून येतो याकडे येथे कोणी नीट पाहिलेले नाही. मी ज्या संस्थेत होते तिला एका कंपनीकडून प्रकल्पासाठी पैसे मिळत. पहिल्या वर्षी आनंद होता. नंतर दर महिन्याला किती मुले आली, किती सत्रे झाली, याचे तक्ते आणि छायाचित्रे पाठवण्यात संध्याकाळ जाऊ लागली. ज्या मुलीला महिनाभर समजावून शाळेत परत पाठवले ती तक्त्यात एक आकडा होती. ज्या दिवशी पाहुणे आले आणि सगळी मुले एकाच रंगाच्या टोप्या घालून बसली तो दिवस मात्र अहवालात दोन पाने व्यापून होता. कंपन्यांच्या दीर्घ प्रकल्पांना सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा असते. आमचाही प्रकल्प संपला, कंपनीने दुसरा विषय घेतला आणि वर्ग बंद झाला. मुले पुढे कितीतरी दिवस दाराशी येऊन परत जात होती.

म्हणून ताईंचा पगार कोणत्याही एका मोठ्या देणगीवर अवलंबून ठेवू नका. शंभर-दोनशे रुपये दरमहा देणारी माणसे उभी करा, ती एकदम सोडून जात नाहीत. आणि हे सगळे आपण ताईंविषयी बोलतो आहोत, त्यांचे काय म्हणणे आहे ते धागाकर्त्यांनी लिहावे.

धागाकर्ता, वागळे इस्टेट

त्यांच्याशी मी सविस्तर बोललो आहे. त्यांचे पहिले म्हणणे रकमेबद्दल नव्हते. पगार कितीही ठरो, तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावा आणि आठवड्याची एक सुट्टी खरोखर सुट्टी असावी, असे त्या म्हणाल्या. दुसरे म्हणणे मला अनपेक्षित होते. पगाराचा आकडा वस्तीत उघडपणे सांगावा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांना संस्थेकडून गुपचूप पैसे मिळतात असे वस्तीतल्या काही लोकांना आजही वाटते, आणि नाही म्हटले की उलट संशय वाढतो. निःस्वार्थ सेवेमुळे विश्वास आपोआप मिळतो, हे नौपाड्यातील सभासदांचे मत निदान आमच्या वस्तीत खरे ठरलेले नाही.

तुर्भ्याच्या ताईंची सूचना मी स्वीकारतो. दरमहा छोटी रक्कम देणाऱ्यांची यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे, आणि त्यात अभ्यासिकेतून शिकून आता कामाला लागलेली काही मुले आहेत. त्यांचे पैसे घ्यावेत की नाही यावरही मंडळात वाद झाला. माझ्या मते जरूर घ्यावेत. ताईंनी काय केले हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

नौपाड्यातील सभासद

ग्रंथालयाच्या वेतनाबद्दलचा खुलासा मी मान्य करतो, आणि वेगळा निधी ठेवण्याची सूचनाही योग्य आहे. तरीही सध्याच्या मसुद्याविरुद्ध मी मत देईन, कारण त्यात वर्षभराच्या पगाराची तरतूद आधी दाखवलेली नाही. बारा महिन्यांची रक्कम पगार निधीत जमा झाल्यावरच नियुक्तिपत्र द्यावे, अशी दुरुस्ती मी सभेत मांडणार आहे. चार महिन्यांनी पैसे संपले म्हणून एका मुलीला हात जोडून घरी पाठवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, हे सुचवण्यामागचा माझा हेतू आहे.

धागाकर्ता, वागळे इस्टेट

आपला हेतू मला समजतो, पण बारा महिन्यांची अट म्हणजे ताईंनी आणखी एक वर्ष विनामोबदला काम करावे असा तिचा अर्थ होईल, आणि तोपर्यंत घोडबंदरची नोकरी थांबणार नाही. सहा महिन्यांची रक्कम हाती असताना सुरुवात करावी, निधी तीन महिन्यांच्या पगाराइतका उरला की मंडळाने तातडीची बैठक बोलवावी आणि ताईंना ते त्याच आठवड्यात लेखी कळवावे, असा मजकूर मी मसुद्यात घालतो आहे. आपली दुरुस्ती आणि माझा मजकूर दोन्ही सभेच्या सूचनेबरोबर सर्व सभासदांना पाठवले जातील. वह्यांच्या निधीतून एक रुपयाही पगाराकडे वळवला जाणार नाही, हे वाक्य ठरावात पहिले राहील; त्या निवृत्त शिक्षिकांना आपण ते दाखवू शकता.