मुलींना वेगळा गुलाबी गेम कशाला?

(नाशिकच्या तीन भागांतल्या तिघांची चर्चा)

गंगापूर रोड: कॉलेज रोडला भाचीसाठी व्हिडिओ गेम घ्यायला गेलो, तर दुकानदाराने "मुलीसाठी ना?" म्हणत मेकअपचा गेम पुढे केला. मला हे अजिबात पटत नाही. मुली खेळायला हव्या असतील तर त्यांना मूळ गेममध्येच जागा द्या. १९९६च्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये फक्त मुलगा होऊनच खेळता यायचं. २०००च्या पोकेमॉन क्रिस्टलने पहिल्यांदा सुरुवातीलाच विचारलं, मुलगा की मुलगी? लढती त्याच, काही सोपं केलं नाही. फिफा १६ या फुटबॉलच्या गेममध्ये महिलांचे राष्ट्रीय संघ आले, तेही त्याच मैदानावर.

पंचवटी: दादा, असहमत. त्याच १९९६मध्ये बार्बी फॅशन डिझायनर हा गेम आला. कॉम्प्युटरवर ड्रेस तयार करायचा, खास कापडावर प्रिंट काढायचा, बाहुलीला घालायचा. अमेरिकेत तुफान खपला. कॉम्प्युटर म्हणजे भावाची वस्तू, असं मानणाऱ्या घरांत बहिणीही त्यापुढे बसल्या. आणि कपड्यांची आवड हलकी कशी? येवल्यात पैठणीचा काठ विणणाऱ्याला आपण कलाकार म्हणतो. मुलीने स्क्रीनवर नक्षी काढली की लगेच 'गुलाबी'?

गंगापूर रोड: कपड्यांना नाही, कंपन्यांच्या आळसाला नावं ठेवतोय. २००५च्या सुपर प्रिन्सेस पीच या गेममध्ये मारिओच्या गेममधली राजकन्या पीच नायिका झाली, पण तिच्या शक्ती कोणत्या? रडणं, चिडणं, खूश होणं! 'द लिजेंड ऑफ झेल्डा' ही गेमची मालिका १९८६पासून राजकन्या झेल्डाच्या नावावर चालते, पण मुख्य मालिकेत खुद्द झेल्डा नायिका झाली २०२४मध्ये. तिथे ती वस्तूंच्या, राक्षसांच्या प्रतिकृती करून डोक्याने लढते. मुलींना असं काही द्या.

सिडको: तुम्ही दोघंही पात्रांवरच अडलात. मी इंजिनिअरिंगला आहे, रोज मोबाइलवर स्क्वाडमध्ये, म्हणजे ऑनलाइन टीम करून, खेळते. पात्र बाईचं घेतलं तरी चालतं, पण माइक सुरू केला की शिव्या आणि "नंबर दे". म्हणून नाव मुलाचं ठेवलंय, माइक बंद. त्यामुळे टीमला शत्रू कुठे आहे हेही सांगता येत नाही, मग हरण्याचं खापर माझ्यावर. तक्रार केल्यावर त्या खेळाडूचा आयडी खरंच बंद झाला पाहिजे. नवीन ड्रेस नंतर आणा.

पंचवटी: माइकचं शंभर टक्के मान्य, ताई. पण आठ-नऊ वर्षांची मुलगी अजून तिथवर पोचलेलीच नसते. तिला आधी गेम हातात घ्यावासा तर वाटू दे.

सिडको: वाटतोच हो. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी लहानपणी माझ्याहून भारी खेळायच्या. आठवी-नववीत ऑनलाइन आल्या आणि एकेक करून सोडून गेल्या. त्यांना परत आणण्यासाठी कोणती कंपनी काय करतेय, ते सांगा.