पायाच्या शिरा आणि ‘तो’ प्रॉब्लेम : लेझर करू का नको? लवकर सांगा

मागवाला_विटा (सोमवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. वय ४३. शिरा फुगल्यात, दोन वर्षं झाली. सांगलीच्या डॉक्टरांनी लेझर सांगितलंय, परवापर्यंत होय का नाही ते कळवायचंय. आता खरा प्रश्न. गेले काही महिने बायकोजवळ काही जमत नाही. कारखान्यातला एक जण म्हणतो, हे शिरांमुळंच होतंय, आणि ऑपरेशन केलंस तर उरलंसुरलंही जाईल. हे खरं आहे का? ज्याला माहीत आहे त्यानंच सांगा. हसायचं असेल तर दुसरे धागे आहेत. डॉक्टरांना विचारायचं तर शेजारी बायको बसलेली असते.

कृष्णाकाठ (११:५२)
शिरा कुठल्या? पायाच्या का वृषणाच्या? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

मागवाला_विटा (११:५५)
पायाच्याच की. शिरा म्हटल्यावर आणि कुठल्या असणार. डाव्या पायाला गुडघ्यापासून खाली गाठी गाठी झाल्यात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडलीय आणि रात्री खाज सुटते. मी जॉबर आहे, म्हणजे यंत्रमागांची देखभाल करणारा, बारा तास मागांच्या मधून उभा असतो. उत्तर माहीत असेल तर सांगा.

लेझरवाला_कराड (मंगळवार, सकाळी ६:३०)
बिनधास्त करा. माझं उजव्या पायाचं झालंय. त्याच दिवशी चालत घरी आलो. नंतर मोजे घालायला लागतात तेवढंच. ‘त्या’ बाबतीत काडीचाही फरक पडलेला नाही, उलट पाय ठणकायचा थांबला म्हणून बरंच आहे. जुनं ऑपरेशन, ते शीर ओढून काढायचं, ते मात्र करू नका. माझ्या मामांचं तसं केलं होतं, मांडी महिनाभर काळीनिळी होती.

निसर्गोपासक (७:१०)
लेझर म्हणजे चांगली शीर जाळून टाकणं. आपल्याकडे सुश्रुतापासून जळवा लावायची पद्धत आहे. अशुद्ध रक्त निघून गेलं की पाय हलका होतो आणि शक्तीही परत येते. पथ्य पाळावं लागतं, आंबट बंद. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना गुण आलाय.

कृष्णाकाठ (७:२५)
जळू लावून झडप दुरुस्त होते का हो? दुखणं झडपेचं आहे. पायातलं रक्त वर चढवायला शिरेत जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल गेला की पाइपातलं पाणी परत खाली उतरतं, तसं रक्त खाली साचतं आणि शीर फुगते. साचलेलं थोडं काढलंत तरी व्हॉल गेलेलाच राहतो. आणि ‘चांगली शीर’ कसली? ती निकामी झाली म्हणून तर बंद करतात. रक्त आतल्या खोल शिरांतून वर जातंच.

निसर्गोपासक (७:४०)
तुम्हाला अनुभव नाही म्हणून बोलताय. ठणक कमी होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कृष्णाकाठ (७:४४)
ठणक तर पाय उशीवर ठेवून झोपलं तरी कमी होते. ती फुकट होते.

बागायतदार_पलूस (८:०५)
फुटव्हॉलचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. साडेसातच्या मोटारीला पितळी घ्यावा का बिडाचा? आमचा दर उन्हाळ्यात गळतो.

भडंगप्रेमी (८:२०)
विट्याहून येणार असाल तर तासगाव मार्गे या. दवाखान्यात सकाळीच नंबर लावा, दुपारी गर्दी असते.

मागवाला_विटा (९:१५)
रस्ता मला माहीत आहे. व्हॉल दुसरीकडं विचारा राव. माझ्या प्रश्नाचं काय?

नर्सताई_मिरज (१०:३०)
दादा, मी निवृत्त स्टाफ नर्स आहे, शस्त्रक्रिया विभागात आयुष्य गेलं. डॉक्टर नाही, त्यामुळं मी सांगते ते तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. पण तुम्ही अर्धंच सांगितलंय. जमत नाही म्हणजे काय? इच्छाच होत नाही, का इच्छा आहे पण ताठरता येत नाही, का येते आणि टिकत नाही? पहाटे झोपेतून उठताना कधी येते का? शुगर आहे का? बीपीची गोळी चालू आहे का, असली तर तिचं नाव? तंबाखू, मावा, बिडी? पायाचा कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी, झाला का? लाजू नका, नाव कुणाला कळत नाही इथं.

गुगलतज्ज्ञ (१०:४५)
हे ‘व्हीनस लीक’ आहे. शिरांच्या झडपा गळक्या असल्या की लिंगात रक्त थांबत नाही. पायाला आहे म्हणजे तिथंही असणार. सरळ हिशेब आहे. मागवालासाहेब, आधी त्याचं बघा.

मागवाला_विटा (दुपारी १:२०)
आता हे काय नवीन? ताई, इच्छा आहे. येते, पण टिकत नाही, आणि हल्ली येतही नाही. पहाटेचं पूर्वी व्हायचं, आता बरेच दिवस आठवत नाही. डॉप्लर झालाय, त्यावरच लेझर सांगितलं. बीपीची गोळी आहे, अ‍ॅटेनोलॉल, चार-पाच वर्षं झाली. शुगर एकदा कॅम्पात बघितली होती, ‘थोडी वर आहे’ म्हणाले. मावा खातो. त्याचा इथं काय संबंध?

नर्सताई_मिरज (२:०५)
अहो, मावा आणि शुगर हाच तर संबंध आहे!

सावकाश वाचा. ताठरता येते ती धमन्यांनी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळ्यांनी. लिंगाची धमनी ओटीपोटाच्या आतून येते. तुमच्या पायाची बिघडलेली शीर कातडीखालची आहे, ती रक्त परत नेते आणि जांघेत जाऊन मोठ्या शिरेला मिळते. येणारा रस्ता वेगळा, जाणारा वेगळा. पायाची शीर फुगल्यानं ताठरता थेट जात नाही. पाय ठणकणं, रात्री झोप नसणं, काळ्या डागांची लाज, यानं मन मागं सरतं ते निराळं. पण मन मागं सरलेल्याला बहुतेक वेळा पहाटेचं होतंच. तुमचं तेही थांबलंय, म्हणून मला शरीरातच कारण वाटतंय.

लेझरचं म्हणाल तर लेझरची वायर शिरेच्या आत घालतात आणि जांघेतल्या जोडाच्या दोनेक सेंटिमीटर अलीकडं थांबतात. लिंगाच्या धमनीला किंवा नसेला, म्हणजे मज्जातंतूला, तिथं धक्का लागायचं कारण नाही. पोटरीला काही काळ बधिरपणा येऊ शकतो, कारण त्या शिरेला लागूनच कातडीची एक नस जाते. तुमच्या कारखान्यातल्या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर काय होतं ते माहीत नाही.

गुगलतज्ज्ञ, व्हीनस लीक असतं, पण ते लिंगाच्या आतल्या शिरांचं. ताठरतेत आतल्या दाबानं त्या शिरा दाबून बंद व्हायच्या असतात, त्या होत नाहीत. त्यात पायाच्या झडपांचा हिशेब नाही.

गुगलतज्ज्ञ (२:१५)
पण काही रुग्णांत दोन्ही एकत्र दिसतं असं वाचलंय.

नर्सताई_मिरज (२:२२)
दिसेलच. वय, वजन, बैठे किंवा उभे काम दोन्हीकडं सारखंच असतं. चष्मा आणि टक्कलही एकत्र दिसतं.

लेझरवाला_कराड (२:३०)
ताई 🙏 हेच मी सकाळी सांगत होतो.

कृष्णाकाठ (२:३४)
तुम्ही ‘बिनधास्त करा’ म्हणालात, कारण काही दिलं नव्हतं.

सातारची_सून (४:१०)
विषय पुरुषांचा चाललाय, तरी लिहिते, कारण बायका हे कुठंच विचारत नाहीत. मला तिसऱ्या बाळंतपणानंतर पायाच्या शिरा वर आल्याच, शिवाय खाली लघवीच्या जागेभोवतीही फुगल्या. संबंधानंतर ओटीपोटात जड दुखायचं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत. पाळीच्या आधी आणि दिवसभर उभं राहिलं की जास्त. सगळे म्हणायचे पिशवी खाली आली असेल, कुणी म्हणायचं मनाचे खेळ. शेवटी एका बाईंनी ओटीपोटाच्या शिरांचा डॉप्लर करायला लावला. बीजकोषाकडच्या शिरा फुगल्या होत्या. पुण्यात मांडीतून नळी घालून त्या आतून बंद केल्या. पोट कापलं नाही. आता बरी आहे. ज्यांना असं दुखतं त्यांनी नवऱ्याला टाळत बसू नये, डॉक्टरांना नेमकं ‘संबंधानंतर दुखतं’ असं सांगावं. तेवढं सांगायला मला फार वेळ लागला.

नर्सताई_मिरज (४:३५)
सूनबाई, चांगलं केलंस लिहिलंस. अजून एक. शिरा फुगलेल्या बाईनं पाळणा लांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं चालू करू नयेत. त्यात इस्ट्रोजेन असलं तर रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो.

निसर्गोपासक (५:००)
म्हणजे शेवटी गोळ्यांनीच नुकसान. मागवालादादा, माझ्याकडे एका वैद्यांचं चूर्ण आहे, शक्तीसाठी. हायवेवरच्या तंबूतलं नाही, खात्रीचं.

नर्सताई_मिरज (५:०८)
अजिबात नको. असल्या चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेचं औषध, मिसळलेलं सापडतं, पुडीवर ते लिहिलेलं नसतं. दादांना बीपी आहे. उद्या छातीत दुखलं आणि कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं, माणूस जातो. सिल्डेनाफिलची गोळी डॉक्टरांनी तपासून, हृदय बघून दिली तर चालते. आणि जळवा लावायचा विचारही काढून टाका. घोट्याजवळची कातडी काळी पडलीय, म्हणजे नाजूक झालीय. तिथं जखम झाली की ती भरता भरत नाही.

मागवाला_विटा (रात्री ९:३०)
ताई, म्हणजे शिरांमुळं नाही, ऑपरेशनमुळं नाही. मग कशामुळं? अ‍ॅटेनोलॉल बंद करू का? आजपासूनच करतो.

नर्सताई_मिरज (९:३६)
थांबा! ती गोळी एकदम बंद करायची नसते, बीपी आणि ठोके उसळी मारतात. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना हा त्रास होतो हे खरं आहे, बदलून मिळते, पण बदलायची डॉक्टरांनीच. उद्या उपाशीपोटी रक्त द्या. साखर, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळं नळ्या खराब व्हायला लागल्या की आधी बोंब तिथून येते, हृदय काही वर्षांनी बोलतं. म्हणून ईसीजीही काढून घ्या. आणि मावा सोडा. तंबाखूनं धमन्या आवळतात, हा त्याचा संबंध.

कृष्णाकाठ (९:५०)
आणि डॉक्टरांना एकट्यानं भेटा. बायकोला सांगा, फाइल आणायला जातोय.

सातारची_सून (९:५८)
किंवा बायकोला सांगूनच टाका. तिला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? ती बहुतेक मनात धरून बसलीय की आपल्यातच काही कमी आहे.

निवृत्त_हवालदार_अपशिंगे (बुधवार, सकाळी ७:००)
जय हिंद. मधेच विचारतो. मुलगा २० वर्षांचा, भरतीच्या मेडिकलला डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, अनफिट केलं. त्याला त्रास काहीच नाही. पुढं लग्न, मूलबाळ यात अडचण येईल का?

नर्सताई_मिरज (७:४५)
हवालदारसाहेब, हा वृषणाच्या पिशवीतल्या शिरा फुगायचा प्रकार. कृष्णाकाठ सोमवारी विचारत होते तो हाच. साधारण १५ टक्के पुरुषांत असतो, बहुतेकदा डावीकडे, कारण डावी शीर सरळ मोठ्या शिरेत न जाता मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. ताठरतेशी त्याचा सहसा संबंध नसतो. वृषणाजवळची उष्णता वाढून शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो, पण पुष्कळांना मुलं होतात. युरॉलॉजिस्टकडून तपासणी आणि वीर्य तपासणी करा. भरतीसाठी बरीच पोरं ऑपरेशन करून घेतात. त्यानंतर वीर्य परत तपासायचं ते तीन महिन्यांनी, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. फक्त उजवीकडेच असतं किंवा आडवं झाल्यावर फुगवटा उतरत नसता, तर मी पोटाची सोनोग्राफी आधी करा म्हटलं असतं.

बागायतदार_पलूस (८:१०)
म्हणजे माझाच प्रश्न राहिला.

मागवाला_विटा (गुरुवार, रात्री १०:१५)
अपडेट. तीन महिन्यांची साखर ९.२ आली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर आटोक्यात आणा, लेझर थोडं पुढं ढकलू, घाईचं नाही. बीपीची गोळी बदलली. ‘त्याचं’ पण बोललो. बायको शेजारीच होती. तिनंच विषय काढला. डॉक्टर हसले नाहीत, युरॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं. मावा कमी केलाय, बंद अजून नाही. आता एवढंच सांगा, लेझर होईपर्यंत ते घट्ट मोजे दिलेत ते मागांच्या उकाड्यात घालायचे कसे? आज ओढता ओढता घामाघूम झालो, टाचेच्या वर सरकेना.

नर्सताई_मिरज (१०:४०)
सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, सूज उतरलेली असते तेव्हा. पायाच्या बोटांवर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी चढवा, मोजा टाचेपर्यंत आतून बाहेर उलटा करून घ्या, टाच बसली की वर गुंडाळत न्या आणि पिशवी बोटांकडून ओढून काढा. मोजा बिनबोटांचा असला तरच ती निघते. बोटांचा असेल तर हातात रबरी मोजे घालून ओढा, पकड बसते. सुरकुती ठेवू नका. रात्री काढायचे. शुगर निघाली आहे, म्हणून रोज बोटांच्या मधे बघा, चीर पडली तर लगेच दाखवा. आणि दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागला तर मिनिटही थांबू नका. आणि गाठ फुटून रक्त उडालं तर आडवं व्हायचं, पाय वर, फडक्यानं घट्ट दाबून धरायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. उभं राहून नळाखाली धरत बसू नका.

मागवाला_विटा (१०:४४)
मोजे बिनबोटांचे आहेत. उद्या दिवसपाळी आहे, पहाटे पिशवी लावून बघतो.