जुन्या बाईकला मागचा आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचा नसलेला) शॉक ॲब्सॉर्बर बसवताना अडलोय, मदत हवी आहे

गाडी वडिलांची, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. मागच्या मोनोशॉकचं (मागे असलेल्या एकुलत्या एक शॉकचं) सील गेलंय. रॉडवर तेलाचा ओघळ आहे आणि खड्ड्यातून गेलं की मागची बाजू दोन-तीनदा उसळत राहते. मूळ शॉक मिळेना, म्हणून आफ्टरमार्केट आणला. दोन्ही बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजलं, तर हा 10 मिमी लांब निघाला! लिंकेजमुळे (शॉकला मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी जोडणाऱ्या सांध्यांमुळे) मागची बाजू त्याहूनही जास्त उचलली जाईल. मग चेन स्विंगआर्मला (त्याच दांड्याला) घासेल का? साइड स्टँडवर गाडी नीट टेकेल ना?

शिवाय खालचा बोल्ट 10 मिमीचा आणि नव्या बुशचं (शॉकच्या टोकात बसणाऱ्या नळीचं) भोक 12 चं. आत स्टीलची स्लीव्ह घालू की बुशच बदलू? फ्रेमला ड्रिल लावायला मन धजत नाही. सॅग (वजनाने मागची बाजू किती दबते ते) मी नंतर प्रीलोडवर, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्यावर, जुळवेन. कोणी असं बसवलं असेल तर कृपया सांगा.