लंडनच्या क्षारांनी जड पाण्यात पेल एल (फिकी बिअर): चव तुरट, आणि यीस्ट १.०२० वर अडकलंय

क्रॉयडनकर
नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅमच्या मित्राच्या रेसिपीने घरी पेल एल करतोय. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं त्याचंच. त्याची बिअर स्वच्छ कडू लागते, माझी मात्र जीभ आवळते. पाणी नळाचं, अहवालात अल्कलिनिटी (आम्ल मारणाऱ्या क्षारांचं प्रमाण) लिटरला २४० मिलिग्रॅम. आता या खेपेला आणखी एक त्रास. २३ लिटर, सुरुवातीची घनता (पाणी म्हणजे १.०००) १.०४८, यीस्ट साखर खाईल तसा आकडा उतरायला हवा, पण तो १.०२० च्या खाली उतरायला तयार नाही. कोरडं इंग्लिश यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. पिंप मागच्या खोलीत आहे, रात्री तिथे १४ अंश असतं. बाटल्या भरू का?

मॅशवाली
अजिबात भरू नका! साखर शिल्लक असताना बाटलीबंद केलीत तर यीस्ट आत पुन्हा जागं होतं आणि काच फुटते. आधी सांगा, मोजलंत कशाने? अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर आकडा वाढवून दाखवतो.

क्रॉयडनकर
हायड्रोमीटरनेच, ताई. मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) ६६ अंशांवर होता.

मॅशवाली
मग मॅशचा दोष नाही, खोली गार आहे. इंग्लिश यीस्ट लवकर तळाशी बसतं, त्यात १४ अंश म्हणजे ते झोपणारच. पिंप २०-२१ अंशांवर आणा आणि हलकेच गोल फिरवा. झाकण उघडायचं नाही, या टप्प्यावर हवा गेली की चव शिळी होते. आठवडाभर धीर धरा. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच, आणि तोही १.०१२ च्या आसपास असेल, तरच बाटल्या.

तुरटपणा वेगळा, तो पाण्याचा. लंडनच्या पाण्यातलं बायकार्बोनेट मॅशचा पीएच वर ढकलतं आणि धान्याच्या सालीतलं टॅनिन उतरतं. भाजलेला काळा माल्ट आम्लधर्मी असतो, म्हणून याच पाण्यात पोर्टर (काळी बिअर) छान होते. फिक्या माल्टमध्ये तेवढं आम्ल नसतं. (पीएचची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. हे वाचल्यापासून मला पीएच मीटरबद्दल फार जिव्हाळा वाटतो.)

२५ लिटर नुसत्या नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी ४० पर्यंत उतरवायला ८० टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल साडेनऊ मिली लागेल. तेवढ्याने बिअरला आंबट झाक येऊ शकते. म्हणून निम्मं आरओ पाणी (क्षार गाळून काढलेलं) घ्या, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतं. मग चार मिलीत भागतं. तेही एकदम ओतू नका. नमुना गार करून पीएच बघा, ५.३ च्या आसपास थांबा. धान्य धुवायच्या पाण्यालाही त्याच प्रमाणात आम्ल हवं, बहुतेक जण तिथेच विसरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) पुरे.

बर्मिंगहॅमकर
आमच्याकडे वेल्सच्या एलान खोऱ्यातलं मऊ पाणी येतं. तुमच्या मित्राची रेसिपी त्यावर बसवलेली आहे, मीठ-क्षारांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आरओ मिसळल्यावर २५ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घाला, सल्फेट लिटरमागे शंभरेक मिलिग्रॅमने वाढतं आणि हॉप्सचा कडूपणा खुलतो. बर्टन या पेल एलसाठी प्रसिद्ध इंग्लिश गावाच्या पाण्यात हे मुळातच भरपूर आहे.

आणि उबेत ठेवूनही पिंप हललं नाही, तर वरून कोरडं यीस्ट भुरभुरू नका. अल्कोहोलमध्ये ते दमतं. अर्धा लिटर ताज्या वर्टमध्ये (माल्टच्या गोड पाण्यात) नवं पाकीट टाका, फेस धरू लागला की अख्खं पिंपात ओता.

क्रॉयडनकर
पिंप आत्ताच बॉयलरच्या कपाटाशेजारी आणलं. आरओ पाणी शनिवारी आणतो.